ओमानची रजा आणि यंत्राची शिळी माहिती

ऑगस्ट २०२३. मस्कतमध्ये आमच्या शेजारच्या वहिनींना दिवस गेले होते. बाळंतपणाची रजा किती, यावर सासूबाईंना कोल्हापूरहून कधी बोलवायचं ते ठरणार होतं. "चॅटजीपीटीला विचारू का?" म्हणाल्या. म्हटलं, थांबा.

त्याचं वाचन सप्टेंबर २०२१ला संपलेलं. तेव्हा इथे २००३चा कामगार कायदा होता आणि रजा ५० दिवस. २५ जुलै २०२३ला सुलतान हैथम यांनी ५३/२०२३ हे फर्मान काढलं. आईला ९८ दिवस, शिवाय बापालाही ७!

गंमत बघा. त्याच मे महिन्यात ओपनएआयने पैसे भरणाऱ्यांसाठी चॅटजीपीटीला बिंगच्या शोधाची जोड दिली होती. पण ते कधी कधी दुसऱ्यांच्या पानांचा अख्खा मजकूरच उतरवून देऊ लागलं, म्हणून ३ जुलैला ती बंद केली. परत आली २७ सप्टेंबरला. म्हणजे कायदा बदलला नेमका तेव्हा गडी घरात कोंडलेला! (मायक्रोसॉफ्टचा बिंगवाला बॉट मात्र फेब्रुवारीपासूनच ताजं शोधत होता.)

मंडळी, जोड दिली म्हणजे यंत्र नवीन शिकलं असं नव्हे. प्रश्नावरून शोध घ्यायचा, सापडलेल्या पानांतले उतारे त्याच्या पुढ्यात ठेवायचे, त्यावरून ते उत्तर लिहितं. पुस्तक उघडून परीक्षा दिल्यासारखं. पण जुन्या कायद्यावरची पानंही अजून आहेतच, आणि तीच वर आली तर दुव्यासकट ५० दिवस सांगून मोकळं होईल.

म्हणून मी दुवा उघडून आधी फर्मानाचा आकडा बघतो. ३५/२००३ दिसला की पान बंद.