झिओलाइट : वास्तुवारसा आणि जलशुद्धी

झिओलाइट : सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या धातूंच्या सजल ॲल्युमिनोसिलिकेटांचा खनिजगट. निसर्गात यातली साठाहून अधिक खनिजे आढळतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, चॅबझाइट, फिलिप्साइट, मॉर्डेनाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट ही त्यांतली महत्त्वाची. रोमनांची बंदरे दोन हजार वर्षे समुद्रात उभी राहिली त्यात या गटाचा वाटा आहे, आणि अणुप्रकल्पांच्या दूषित पाण्यातून सीझियम वेगळे काढण्याचे कामही हाच गट करतो. या दोन्ही गोष्टींचा उलगडा स्फटिकाच्या आतल्या रचनेत होतो.

मधे सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा अणू आणि भोवती ऑक्सिजनचे चार अणू, अशी चतुष्फलके कोपऱ्याला कोपरा जोडून झिओलाइटाचा सांगाडा तयार होतो. तो भरीव नसतो. त्यात साधारण ०.३ ते ०.८ नॅनोमीटर रुंदीचे बोळ असतात. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आला की सांगाड्यावर एक ऋण भार उरतो. तो फेडण्यासाठी सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे धन आयन पाण्याच्या रेणूंसह या बोळांत सैलपणे बसतात. खनिज तापवले की पाणी निघून जाते, पण बहुतेक वेळा सांगाडा शाबूत राहतो आणि थंड झाल्यावर हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेतो. धन आयनही असेच बदलता येतात : एक बाहेर, दुसरा आत. यालाच आयन-विनिमय म्हणतात.

स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल फ्रेड्रिक क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये हा गट प्रथम वेगळा ओळखला. फुंकनळीच्या ज्योतीत धरलेले खनिज फसफसून फुगले, ते त्यातल्या पाण्यामुळे. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी १८५० मध्ये मातीतला आयन-विनिमय दाखवला. १८५८ मध्ये आइकहॉर्न यांनी चॅबझाइट आणि नॅट्रोलाइट या खनिजांत तोच बदल उलटाही फिरवता येतो हे सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम ॲल्युमिनोसिलिकेट वापरून जड पाणी हलके करण्याची पद्धत बसवली. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडायचे, बदल्यात सोडियम सोडायचे, आणि थर भरला की मिठाच्या दाट पाण्याने तो धुऊन पुन्हा कामाला लावायचा, हे सूत्र आजही तेच आहे.

मराठी वाचकाला हे खनिज परके नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. त्यांतून वायू निसटताना पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या झिओलाइटांनी भरल्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या या खडकाला पश्चिम महाराष्ट्रात मांजऱ्या म्हणतात. पुणे, नाशिक, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या खाणींत आणि विहिरींच्या खोदाईत स्टिल्बाइटाच्या पेंढीसारख्या बांधलेल्या गुलाबी-पिवळट जुड्या आणि स्कोलेसाइटाच्या पांढऱ्या सुया निघतात. त्या जगभरच्या संग्रहालयांत पोहोचल्या आहेत, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात त्या जवळून पाहता येतात. मात्र ही खनिजे पोकळ्यांत विखुरलेली असल्याने गाळणीसाठी किंवा बांधकामासाठी ती टनावारी काढता येत नाहीत. त्यासाठी ज्वालामुखीच्या राखेचे अख्खे थर पाण्याच्या संपर्कात येऊन झिओलाइटात बदललेले असावे लागतात. अशा घट्ट झालेल्या राखेच्या खडकाला टफ म्हणतात. इटली, तुर्कस्तान आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात असे साठे आहेत.

इटलीत नेपल्सच्या उपसागराभोवतीची ज्वालामुखी राख रोमन गवंड्यांनी चुन्यात मिसळली. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथात बंदरकामासाठी दोन भाग राख आणि एक भाग चुना असे प्रमाण दिले आहे. हा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, कारण राखेतली काच आणि झिओलाइट दोन्ही चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम-सिलिकेटाचे बंधक तयार करतात. राजा हेरोदने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस सिझेरिया येथे बंदर बांधले, तेव्हा ही राख नेपल्सकडून सुमारे २,००० किलोमीटर समुद्रमार्गे नेली गेली. आपल्याकडची सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, चुन्यात हेच रासायनिक काम करते. तिच्यात झिओलाइट नसते, पण भाजलेल्या मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याला तशीच साथ देतात.

एकविसाव्या शतकात या बंदरांच्या भिंतींतून नळकांड्याच्या आकाराचे नमुने कापून काढण्यात आले. मेरी जॅक्सन आणि सहकाऱ्यांचा त्यांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेतल्या प्युमिसच्या, म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या, छिद्रांत सूक्ष्मदर्शकाखाली फिलिप्साइटाचे स्फटिक दिसले, आणि त्यांच्यातच उगवलेल्या ॲल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट या खनिजाच्या पातळ पट्ट्या. भिंतीतून झिरपणारे समुद्राचे पाणी राखेतली काच हळूहळू विरघळवत होते आणि त्याच द्रावातून ही नवी खनिजे घडत होती. भेगा पडण्याच्या जागी एकमेकांत गुंतलेले स्फटिक वाढत गेले. आजच्या सिमेंट-काँक्रीटमध्ये समुद्राचे पाणी शिरले की लोखंडी सळई गंजते आणि काँक्रीट फुटते. रोमनांच्या भिंतीत सळईच नव्हती, आणि पाण्याने भिंतीला कमजोर करण्याऐवजी जखडत नेले. खनिजशास्त्राने वास्तुवारशाला दिलेल्या ज्ञानात हा शोध फार मोलाचा मानायला हवा.

पण झिओलाइटयुक्त टफ बांधकामाचा दगड म्हणून वापरला तर पाणी शोषण्याचा गुण अडचणीचा ठरतो. नेपल्सचे जुने शहर सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून आलेल्या पिवळ्या टफमध्ये उभे आहे आणि या टफमध्ये फिलिप्साइट व चॅबझाइट भरपूर आहे. हलका, कापायला सोपा असा हा दगड ओलावा मात्र भरपूर पितो. ओले-कोरडे होण्याच्या फेऱ्यांत तो फुगतो, आकसतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओलावा आत कोंडतो, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि झीज वाढते. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या आणि देवळांच्या जुन्या चुन्याच्या सांध्यांमध्ये घाईने सिमेंट भरले जाते, तिथे हेच घडते. ते थांबायला हवे.

दख्खनच्या लेण्यांची निगा राखताना तिथल्या बेसाल्ट या लाव्हाच्या खडकातल्या झिओलाइटांकडे लक्ष द्यावेच लागते. या गटातले लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होते. त्यामुळे ते ज्या पोकळीत असते तिथून दगड ढिला पडायला सुरुवात होते. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगही याच खडकातून आला : सेलॅडोनाइट झिओलाइटांच्या शेजारी त्याच पोकळ्यांत सापडते, पण ते झिओलाइट नव्हे, अभ्रकाच्या कुळातले आहे. म्हणून दुरुस्तीचा मसाला ठरवण्याआधी दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि क्ष-किरण विवर्तनाने खनिजे ओळखणे हे पहिले काम आहे.

झिओलाइटाने पाणी शुद्ध करण्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा ग्वातेमालातल्या तिकाल या माया संस्कृतीच्या नगरातून येतो. तिथल्या कोरिएंताल तलावाच्या गाळात क्वार्ट्झचे दाणे आणि झिओलाइट सापडले. आजूबाजूच्या चुनखडीच्या प्रदेशात ते नैसर्गिकरीत्या असणे शक्य नव्हते. सुमारे ३० किलोमीटरवरच्या टफमध्ये तसलीच खनिजे आढळली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांच्या मते दोन हजार वर्षांहूनही आधी मायांनी ही वाळू मुद्दाम आणून तलावात येणारे पाणी गाळले असावे. त्याच नगरातल्या राजवाड्याजवळच्या तलावाच्या गाळात हिंगुळातून आलेला पारा आणि विषारी निळ्या-हिरव्या शैवालाच्या खुणा होत्या, तर कोरिएंतालमध्ये असे प्रदूषण फारसे दिसले नाही.

आज पाण्यासाठी सर्वाधिक वापरले जाते ते क्लिनोप्टिलोलाइट. एल. एल. एम्स यांनी १९६० मध्ये त्याच्या पसंतीचा क्रम लावला : सीझियम सर्वांत आधी, पोटॅशियम आणि अमोनियम त्यानंतर, सोडियम आणि कॅल्शियम बरेच मागे. म्हणजे पाण्यात सोडियम खूप आणि अमोनियम थोडे असले तरी ते अमोनियमच निवडून पकडते. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात आणि मत्स्यपालनात याचा उपयोग होतो. इंग्लंडमधल्या सेलाफील्ड अणुप्रकल्पात १९८५ पासून किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम क्लिनोप्टिलोलाइटाने काढले जाते. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतरही सीझियमसाठी झिओलाइट वापरले गेले.

झिओलाइटाचा सांगाडा ऋण भाराचा असल्याने फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनेट हे ऋण आयन तो जवळजवळ धरत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या फ्लोराइडग्रस्त विहिरींसाठी साधी झिओलाइटची गाळणी विकणे ही फसवणूक आहे. पृष्ठभागावर दुसरे पदार्थ चढवले तरच तो थोडाफार उपयोगी पडतो. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून अल्कली द्रावणात झिओलाइट बनवता येते, आणि नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने त्यावर काम केले आहे. कोळशाची राख जिथे डोंगराएवढी साचते, तिथे हा मार्ग विखुरलेल्या खनिजापेक्षा जास्त आशादायक आहे.

एका खनिजाबद्दल मात्र सावधगिरी हवी. एरिओनाइट नावाचे झिओलाइट लोकरीसारख्या बारीक तंतूंच्या रूपात सापडते. तुर्कस्तानातल्या कॅपॅडोशिया भागात काराइन आणि तुझकॉय या गावांच्या परिसरातल्या टफमध्ये ते होते, आणि घरे त्याच दगडातून बांधलेली होती. तंतू श्वासावाटे छातीत गेले आणि या गावांत मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये एरिओनाइटाला माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवले. त्यामुळे कोणत्याही साठ्यातला टफ गाळणीच्या टाकीत किंवा भिंतीच्या दुरुस्तीत वापरण्याआधी त्यात एरिओनाइटाचे तंतू नाहीत ना, याची तपासणी अनिवार्य ठरते.