कोकणातली आपली माणसं आणि त्यांची पुस्तकं

आपल्या वस्तीतली बहुतेक घरं कोकणातून आलेली. दापोली, मंडणगड, खेड, महाड, रत्नागिरी. गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटी, जिथं काम मिळालं तिथं वडीलधारी मंडळी चिकटली आणि पुढं इथलीच झाली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, माता रमाईंचं माहेर वणंद दापोलीजवळ, हे आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्याच मुलखातल्या आणखी कोणी पुस्तकं लिहिली का, असं विचारलं तर आम्हीही गप्प बसलो असतो.

आणि गप्प बसायची वेळ आलीच. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालू होतं. वाचन आटोपून चहा घेताना नववीतल्या एका मुलानं विचारलं, “आपल्या गावाकडचा एखादा लेखक सांगा ना.” आम्ही कार्यकर्ते म्हणवून घेणारे चौघंजण एकमेकांकडं बघत राहिलो. विहाराचं पुस्तकांचं कपाट उघडलं, तर अर्धी पुस्तकं कोणी कधी वाचायलाच नेलेली नव्हती. शोध तिथूनच सुरू झाला.

पहिलं नाव सापडलं ते गोपाळबाबा वलंगकरांचं. महाडजवळचं रावदुळ हे त्यांचं गाव. लष्करात नोकरी केली, १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. दापोली हे त्या काळी लष्करातून पेन्शन घेऊन आलेल्या आपल्या लोकांचं ठिकाण. सुभेदार रामजीबाबाही निवृत्तीनंतर काही काळ तिथंच होते. जोतिराव फुल्यांच्या विचारांवर वाढलेले वलंगकर ‘दीनबंधु’मधून लिहीत. १८८८ च्या सुमारास त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि विटाळ मानणाऱ्या धर्मपंडितांना जाहीर प्रश्न विचारले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, म्हणजे त्याच्याही आधी आपल्या कोकणातला एक पेन्शनर शास्त्रीपंडितांना जाब विचारत होता! महारांची लष्करभरती थांबली तेव्हा १८९४ मध्ये सरकारकडं करायच्या अर्जाचा मसुदाही त्यांनीच तयार केला. पुढच्याच वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर सवर्ण सभासदांना त्यांच्या शेजारी बसणं जड गेलं. मूळ पुस्तिका आम्ही अजून हातात धरलेली नाही. तिच्यात काय होतं ते नंतरच्या अभ्यासकांच्या लिखाणातून कळलं.

महाडचं दुसरं नाव रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद आणि चवदार तळ्याचं पाणी आपण दरवर्षी आठवतो. ती परिषद भरवण्यात पुढाकार घेणाऱ्या तरुणांपैकी हे एक. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पत्र छापून आलं, शाळेला प्रवेश द्यावा लागला, पण बसवलं मात्र वेगळं. हे आम्ही विहारात सांगितलं तेव्हा मुलं एकदम शांत झाली. मोरे यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, ते अपुरंच राहिलं. १९७२ मध्ये ते गेले. त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी ते लिखाण आणि पुढची हकिकत मिळून २००३ मध्ये पुस्तक केलं. कपाटात ठेवताना कोणीतरी म्हणालंच, “अरे, ते लाल बावट्याचे.” होते. तरी चवदार तळ्याची हकिकत इतक्या जवळून पाहिलेला माणूस कपाटाबाहेर ठेवणं आम्हाला पटलं नाही.

पण खरी खळबळ माजवली ती ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’नं. रत्नागिरीजवळचं फणसवळे हे त्यांचं गाव. मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून त्यांना बोलतं केलं, नाहीतर कितीजणींची नावंसुद्धा राहिली नसती. ‘आयदान’ हे त्यांचं आत्मकथन २००३ चं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं, टोपल्या, रोवळ्या. त्यांच्या आईनं ही आयदानं विणून घर चालवलं.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही त्यातली काही पानं वाचू लागलो. दुसऱ्याच रविवारी एक ज्येष्ठ उपासक उठून उभे राहिले. “ते सगळं गावाला टाकून आलो आपण. बुद्धाच्या मूर्तीपुढं पुन्हा कशाला उकरता?” आमच्याजवळ उत्तर नव्हतं. या माणसानं विहारासाठी स्वतः विटा वाहिलेल्या आहेत, त्यांना आम्ही काय शिकवणार? तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून खेडकडच्या एक आजी म्हणाल्या, “वाच पोरी, थांबू नको. कांबट्यांनी बोटं चिरायची माझ्या आयशीची. रात्री दिव्यापुढं बसून विणायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं इतकी वर्षं.” शेजारी त्यांची सून बसली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिला ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

त्या ज्येष्ठ उपासकांचं मत काही बदललं नाही. त्या वाचनाला ते येत नसत, बाकी सगळ्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत असत. आम्हालाही त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. ज्याला ते आठवणं सोसत नाही त्याच्यावर जबरदस्ती कसली? मात्र त्या आजी पुढच्याच वर्षी कालकथित झाल्या. तो रविवार नसता तर त्यांच्या आईची गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली असती.

आता कपाटात कोकणाचा एक वेगळा खण केला आहे. ‘आयदान’ची पहिली प्रत हाताळून हाताळून सुटी झाली, म्हणून वर्गणी काढून दुसरी आणली. कपाट दर रविवारी वंदनेनंतर तासभर उघडं असतं. कोणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत आजोबांची पत्रं, परिषदेचं पत्रक, पेन्शनचा कागद, गाण्यांची वही असं काही पडलं असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. झेरॉक्स काढून मूळ कागद तसाच परत देऊ.