ओप्पाऊचे कोठार : वीस हजार सुरुंगांनंतरची एक सकाळ

१/ २१ सप्टेंबर १९२१. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले ओप्पाऊ. सकाळी साडेसातच्या सुमारास तेथील कारखान्याचे एक कोठार क्षणार्धात नाहीसे झाले. मागे उरला सुमारे १२५ मीटर लांब, ९० मीटर रुंद आणि १९ मीटर खोल खड्डा. पाचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या कोठारात दारूगोळा नव्हता; शेतात टाकायचे खत होते.

२/ हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रथम याच ठिकाणी, १९१३ मध्ये, बीएएसएफ कंपनीने राबवली. अमोनियाचे खत करायचे तर त्याला आम्लाची जोड लागते. गंधकाम्लाशी संयोग झाला की अमोनियम सल्फेट मिळते. परंतु पहिल्या महायुद्धात जर्मनीत गंधकाचा तुटवडा पडला.

३/ यावर उपाय होता. अमोनियापासूनच नायट्रिक आम्ल तयार करायचे आणि ते पुन्हा अमोनियाशी संयोगित करायचे. यातून मिळते अमोनियम नायट्रेट : पांढरे, पाण्यात सहज विरघळणारे, वजनाच्या सुमारे ३५ टक्के नत्र असलेले क्षार. पिकाला उत्तम, पण प्रबळ धक्का बसल्यास स्फोट पावणारे.

४/ म्हणून ओप्पाऊत त्यात अमोनियम सल्फेट मिसळत. नायट्रेटचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत असेल, तर मिश्रणाचा स्फोट होत नाही, असे चाचण्यांवरून ठरले होते. कोठारातील मिश्रणात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. कागदावर सारे सुरक्षित होते.

५/ अडचण निराळीच होती. हे खत हवेतील ओलावा शोषते आणि स्वतःच्याच भाराने दबून दगडासारखे घट्ट होते. कुदळीने फुटेना, तेव्हा कामगार त्यात भोके पाडून डायनामाइटचे लहान सुरुंग लावू लागले. असे सुमारे वीस हजार सुरुंग उडाले, तरी अनर्थ घडला नाही. हळूहळू हा अनुभवच सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला.

६/ दरम्यान १९२१ च्या आरंभी खत वाळवण्याची पद्धत बदलली. द्रावण फवारून सुकवले जाऊ लागले. आर्द्रता सुमारे चार टक्क्यांवरून दोनवर आली, कण बारीक झाले, घनता घटली. नाव तेच राहिले, पदार्थ मात्र पूर्वीचा राहिला नाही. जुन्या चाचण्या आणि वीस हजार सुरुंगांचा अनुभव, दोन्ही बव्हंशी जुन्या खताचे होते.

७/ इशाराही मिळाला होता. त्याच वर्षी २६ जुलै रोजी अप्पर सिलेशियातील क्रीवाल्ड येथे रेल्वेच्या वाघिणींत घट्ट झालेले अमोनियम नायट्रेट सुरुंगाने फोडताना स्फोट होऊन १९ जण ठार झाले. ते शुद्ध नायट्रेट होते, ओप्पाऊचे मिश्रण. तेथील सुरुंग थांबले नाहीत.

८/ त्या सकाळी कोठारात सुमारे साडेचार हजार टन खत होते. त्यापैकी जेमतेम दहावा हिस्सा स्फोट पावला, असा अंदाज आहे. तेवढ्यानेही गावातील सुमारे ऐंशी टक्के घरे उद्ध्वस्त झाली आणि आवाज सुमारे तीनशे किलोमीटरवरील म्युनिकपर्यंत पोहोचला. कोठारात नेमके काय घडले, हे सांगू शकणारे कामगार वाचलेच नाहीत. त्यामुळे चौकशीला अंतिम उत्तर मिळाले नाही.

९/ घट्ट झालेले खत सुरुंगाने फोडण्यातील धोका त्यानंतर उघड झाला. नायट्रेटमध्ये चुनखडी मिसळून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हे अधिक सुरक्षित खत पुढे रूढ झाले. तरीही १९४७ मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात आणि २०२० मध्ये बैरूतमध्ये याच क्षाराने शेकडो बळी घेतले. तेथे निमित्त सुरुंगाचे नव्हते, आगीचे होते.

१०/ ओप्पाऊचे कामगार अडाणी नव्हते आणि रसायनशास्त्रज्ञ बेफिकीर नव्हते. त्यांच्या हाती चाचण्या होत्या, नियम होता, वर्षांचा अनुभव होता. फक्त पदार्थ बदलल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा राहून गेला.