ईरी सरोवराची बेटे आणि द्राक्षतोडणीचा हंगाम

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी ईरी हे सर्वांत उथळ सरोवर असून त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर आहे. ओहायो राज्याच्या किनाऱ्यालगतचा त्याचा पश्चिम भाग तर याहूनही उथळ आहे, आणि साउथ बास, मिडल बास, नॉर्थ बास व केलीज ही बेटे याच भागात वसलेली आहेत. सँडस्की, मार्बलहेड आणि पोर्ट क्लिंटन या किनाऱ्यावरील गावांतून बोटीने या बेटांवर सहलीला जाण्याची प्रथा शतकाहून जुनी असली, तरी तेथील उन्हाळी सहल आणि शरदातील सहल यांचे मूळ एक नाही. जुलै-ऑगस्टमधील गर्दी जलविहाराच्या हौसेतून आणि मोठ्या हॉटेलांमुळे वाढली, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील वर्दळीचा पाया द्राक्षबागांनी घातला.

या बेटांचे नाव सर्वतोमुखी झाले ते प्रथम युद्धामुळे. १० सप्टेंबर १८१३ रोजी ऑलिव्हर हॅझर्ड पेरी यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी आरमाराने साउथ बासवरील पुट-इन-बे येथून निघून ब्रिटिश ताफ्याचा पराभव केला. या विजयाचे आणि त्यानंतर अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यात नांदलेल्या शांततेचे स्मारक म्हणून १९१२ ते १९१५ या काळात तेथे सुमारे १०७ मीटर उंचीचा स्तंभ उभारण्यात आला. परंतु रणभूमीच्या कीर्तीवर वस्ती पोसली जात नाही, त्यासाठी उत्पन्नाचे साधन लागते. डेटस आणि इराड केली या बंधूंनी १८३३ पासून विकत घेतलेल्या केलीज बेटाला ते चुनखडीच्या खाणींतून आणि द्राक्षांतून मिळाले; बास बेटांची भिस्त मात्र मुख्यतः द्राक्षांवरच राहिली.

ओहायोतील द्राक्षशेतीचे पहिले केंद्र दक्षिणेस, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराभोवती होते. तेथे निकोलस लाँगवर्थ यांनी कटाबा या तांबूस, उशिरा पिकणाऱ्या वाणापासून केलेली वाइन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास देशभर नावाजली गेली; मात्र भुरी आणि काळी कूज या बुरशीजन्य रोगांनी नदीकाठच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि हा व्यवसाय उत्तरेस, सरोवराकडे सरकला. उत्तरेकडील थंड प्रदेशात उशिरा पिकणारे वाण तग धरू शकले, याचे कारण सरोवराच्या पाण्यात आहे. उन्हाळाभर तापलेले पाणी शरदात सावकाश निवते, त्यामुळे बेटांवर पहिले दंव किनाऱ्यापासून आत असलेल्या भूभागापेक्षा उशिरा पडते आणि कटाबाच्या घडांना गोडी धरण्यास अवधी मिळतो. उलट वसंतात थंड पाणी कोंब फुटणे लांबवते आणि कोवळी फूट उशिराच्या दंवातून वाचते. नाशिकच्या बागांत ज्या ऑक्टोबरात छाटणी चालते, त्या ऑक्टोबरात ईरीच्या बेटांवर तोडणी चाललेली असते.

१८५४ मध्ये न्यूयॉर्कचे व्यापारी होसे दे रिव्हेरा यांनी साउथ बाससह काही बेटे विकत घेतली आणि पुढे तेथील जमीन लहान तुकड्यांनी बागायतदारांना विकली. त्या जमिनीवर आलेल्यांत जर्मन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. त्यांच्यापैकीच बाडेन प्रांतातून आलेल्या गुस्ताव्ह हाइनमन यांनी १८८८ मध्ये पुट-इन-बे येथे वाइनरी, म्हणजे द्राक्षांपासून वाइन करण्याचा कारखाना, सुरू केला. १८९७ मध्ये या वाइनरीसाठी विहीर खोदताना खाली एक पोकळी लागली, जिच्या भिंती सेलेस्टाइट या फिकट निळसर खनिजाच्या हातभर लांबीच्या स्फटिकांनी मढलेल्या होत्या. फटाक्यांना लाल रंग देणारे स्ट्रॉन्शियम या खनिजापासून मिळत असल्याने काही स्फटिक काढून विकले गेले. उरलेली गुहा प्रेक्षणीय स्थळ ठरली.

याच गुहेने पुढे वाइनरीला तारले. साउथ बासवर १८९२ मध्ये उघडलेले ६२५ खोल्यांचे हॉटेल व्हिक्टरी ऑगस्ट १९१९ मध्ये आगीत भस्मसात झाले आणि त्यानंतर पाच महिन्यांनी देशभर दारूबंदी लागू झाली, म्हणजे बेटाचे दोन्ही आधार जवळजवळ एकाच वेळी तुटले. दारूबंदीच्या काळात, १९३३ पर्यंत, अनेक बागायतदारांनी व्यवसाय सोडला. हाइनमन कुटुंबाने मात्र द्राक्षरस विकून आणि पाहुण्यांना गुहा दाखवून तग धरला. पूर्वी माल बाहेर पाठवणारी वाइनरी आता पाहुण्यांना आपल्या दारी आणू लागली, आणि उत्पादनाचे ठिकाण हेच सहलीचे ठिकाण बनण्याची ही चाल पुढेही टिकून राहिली.

आज शरदातील सहलीचा बेत आखताना याच इतिहासाने घालून दिलेल्या मर्यादा पाळाव्या लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा कामगार दिन, जो १८९४ पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे, उन्हाळी हंगामाची अखेर मानला जातो. त्यानंतर गर्दी ओसरते, पण बोटींच्या फेऱ्याही क्रमाने कमी होत जातात. नोव्हेंबरात सरोवरावर वादळे उठतात. १९१३ च्या नोव्हेंबरातील वादळाने महासरोवरांवर अनेक जहाजे बुडवली होती. म्हणून सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य हाच काळ प्रवाशांना सोयीचा पडतो आणि तोच तोडणीचाही काळ आहे. बेटांवरील द्राक्षांचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने बरेच आक्रसले असले, तरी दंव लांबवणारे सरोवराचे पाणी जसे बागायतदाराला मुदत देत आले, तसेच ते आता प्रवाशालाही देते.