बर्फातले जहाज आणि छायाचित्राची साक्ष

छायाचित्राविषयी आपल्या मनात एक भाबडा विश्वास असतो. माणूस खोटे बोलेल, लेखणी तिखटमीठ लावील. कॅमेरा मात्र समोर असेल तेवढेच दाखवतो, असे आपण धरून चालतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा विश्वास कितपत परवडतो? एका टाकून दिलेल्या जहाजाच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवरून आज हा प्रश्न थोडा तपासून पाहू.

जहाजाचे नाव ‘एन्ड्युरन्स’, म्हणजे चिकाटी. १९१२ साली नॉर्वेत बांधलेले, १४४ फूट लांबीचे, तीन डोलकाठ्यांचे हे लाकडी जहाज. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांना दक्षिण ध्रुवाचा सारा खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडायचा होता. डिसेंबर १९१४ मध्ये त्यांनी साउथ जॉर्जिया बेट सोडले आणि जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातल्या बर्फाने जहाजाला जे धरले ते सोडलेच नाही. अठ्ठावीस माणसे त्या बर्फाबरोबर महिनोन् महिने वाहत राहिली.

या अठ्ठाविसांत फ्रँक हर्ली नावाचा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता. त्याला केवळ हौसेखातर नेले नव्हते बरे का! मोहिमेसाठी पैसा उभारताना छायाचित्रांचे व चलच्चित्राचे हक्क आधीच हिशेबात धरलेले होते. जहाज मुक्कामाला पोहोचो न पोहोचो, चित्रे पोहोचणे भाग होते.

हर्लीने थोडी रंगीत छायाचित्रेही घेतली. पण जगाच्या ध्यानात राहिली ती काळीपांढरी. त्याला कारणही तसेच आहे. त्या प्रदेशात हिवाळ्यात रंग उरतच नाहीत. मे महिन्यात मावळलेला सूर्य जुलैच्या अखेरीस उगवला. २७ ऑगस्टच्या रात्री हर्लीने बर्फाच्या उंचवट्यांआड प्रकाशाच्या पुडीचे सुमारे वीस बार लावले आणि ते उडवून जहाजाचे चित्र घेतले. काळ्याकुट्ट आकाशावर हिमाने माखलेली पांढरी शिडे-दोरखंड, जणू जहाजाचा सांगाडाच! पाहणाऱ्याला वाटते, हे जहाज केव्हाच मेले. वास्तविक त्या वेळी आत दिवे होते, माणसे जेवत होती, पत्ते खेळत होती.

मग बर्फाचा दाब वाढला. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी शॅकल्टन यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. डोलकाठ्या मोडल्या, फळ्या फुटल्या. त्या मोडक्या जहाजाकडे पाहत उभ्या असलेल्या कुत्र्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांपैकी एकही कुत्रा पुढे वाचला नाही. अन्न संपत आले तसे ते मारावे लागले.

हर्लीच्या काचेच्या निगेटिव्ह अजून जहाजातच होत्या. तो परत गेला, कपडे उतरवून आतल्या गोठणाऱ्या पाण्यात शिरला आणि झाळून बंद केलेले डबे त्याने बाहेर काढले. पण पुढचा प्रवास बर्फावरून आणि लहान होड्यांतून. माणशी खाजगी सामान दोन पौंड! एवढ्या काचा नेणार कशा? ९ नोव्हेंबरला शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि एकेक काच पाहू लागले. सुमारे १२० ठेवल्या. सुमारे ४०० टाकून दिल्या. टाकलेल्या काचा फोडल्या, पुन्हा मोह होऊ नये म्हणून. २१ नोव्हेंबरला जहाज बुडाले.

म्हणजे आज आपण पाहतो तो त्या वर्षाचा फार तर चौथा हिस्सा. आणि तोही उत्तम म्हणून वेचलेला. वेचणाऱ्यांना कलेची दृष्टी होती आणि परतल्यावरच्या देण्याघेण्याची जाणीवही होती. रोजच्या साध्या दिवसांपेक्षा भव्य दृश्याला अशा वेळी झुकते माप मिळते, हे उघड आहे.

याहून पुढची गोष्ट एलिफंट बेटावरची. २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टन पाच सोबत्यांसह ‘जेम्स केअर्ड’ या साडेबावीस फुटी होडीतून मदत आणण्यासाठी सुमारे ८०० सागरी मैलांच्या प्रवासाला निघाले. मागे राहिलेले बावीसजण किनाऱ्यावरून हात हलवून निरोप देत आहेत, असे चित्र हर्लीने घेतले. पुढे त्याच चित्रात फेरफार करून ते सुटकेचे दृश्य म्हणून लोकांपुढे ठेवण्यात आले! सुटका झाली ती ३० ऑगस्ट १९१६ रोजी, ‘येल्चो’ या चिलीच्या बोटीने. अठ्ठाविसांपैकी एकही दगावला नव्हता. इतकी थोर सत्यकथा हाताशी असताना खोट्या मथळ्याची गरज काय होती, नाही का?

आपल्याकडे राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान दिला, तो याचसाठी की, बखर घटनेनंतर ऐकणाऱ्याचे मन राखून लिहिलेली असते. छायाचित्र आपल्याला अस्सल पत्रासारखे वाटते. पण ते निवडले, सजवले, त्याखाली मथळा लिहिला, की त्याचीही बखर होऊ लागते. म्हणून ते टाकून द्यावे असे नव्हे. बखरही आपण टाकत नाही. तिला दुसरा साक्षीदार शोधतो.

‘एन्ड्युरन्स’च्या बाबतीत हा दुसरा साक्षीदार कप्तान वर्स्ली याची नोंद. जहाज बुडाले ती जागा त्याने सूर्याच्या वेधावरून काढून टिपून ठेवली होती. ५ मार्च २०२२ रोजी जहाज सापडले, ते त्या जागेपासून सुमारे चार मैलांवर, ३,००८ मीटर खोल. इतक्या वर्षांनीही त्याच्या मागच्या बाजूवरचे नाव स्पष्ट वाचता येते. जहाज कसे मेले हे हर्लीच्या काचांनी सांगितले. कुठे निजले आहे, ते मात्र एका दर्यावर्दी माणसाच्या वहीतल्या आकड्यांनी. जुने छायाचित्र हाती आले की ते डोळे भरून अवश्य पाहावे; पण त्याच्या शेजारी अशी एखादी वही आहे का, तेही विचारावे.