परीक्षेची तारीख

चांदणी चौक मागें टाकून पौडच्या रस्त्यास लागलें, कीं भूगांव, पिरंगुट हीं गांवें येतात. आणि पिरंगुटापासून जवळच, डोंगराच्या कुशींत, लवळें आहे. मुळशी हें नांव कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत प्रथम उभा राहतो तो १९२१ सालचा सत्याग्रह. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे आणि धरणाच्या पाण्याखालीं गेलेली मावळ्यांची भातशेतें यांची आठवण आल्यावांचून त्या रस्त्यानें जातां येत नाहीं. परंतु आज मीं जी हकीकत सांगावयास घेतली आहे ती त्या मानानें फारच साधी आहे. त्याच तालुक्यांत, लवळ्याच्या टेकड्यांवर, आतां विद्यापीठें उभीं आहेत. २००२ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या सिंबायोसिसचें मुख्य ठाणें तेथें आहे, आणि फ्लेम विद्यापीठहि तेथेंच आहे.

विषयनिवडीच्या पद्धतीनें चालणाऱ्या अशा विद्यापीठांतला विद्यार्थी सत्राच्या आरंभीं संगणकापुढें बसतो आणि विषयांची सूची उघडतो. विषयाचें नांव, त्याचे श्रेयांक, तासांची वेळ, शिक्षकाचें नांव हें सारें तींत असतें. व्यवस्था चोख असेल तर परीक्षेचा दिवस आणि प्रहरहि तेथेंच नोंदलेला असतो. म्हणजे विषय घेण्यापूर्वींच त्याची परीक्षा केव्हां होणार हें विद्यार्थ्यास कळतें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं महाविद्यालयाच्या सूचनाफलकापुढें गर्दींत टांचा उंचावून वेळापत्रक उतरून घेतलें असेल, त्यांना हा बदल केवढा आहे हें मुद्दाम सांगावयास नको. तो एकाएकीं मात्र झालेला नाहीं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालच्या जुलईंत स्थापन झालें. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठेंहि त्याच वर्षाचीं. तिघांनींहि कित्ता गिरवला तो लंडन विद्यापीठाचा. आणि लंडन विद्यापीठ त्या काळीं शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. शिकवणें हें महाविद्यालयांचें काम, पारखणें हें विद्यापीठाचें. तेव्हां आपल्याकडे विद्यापीठ जन्मास आलें तें परीक्षेचें वेळापत्रक हातांत घेऊनच, असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. १८६२ सालीं बी. ए. ची पहिली परीक्षा उतरले ते चौघेजण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. परीक्षार्थी मूठभर आणि विषय बहुतेक सर्वांस समान, मग वेळापत्रक करण्यास बुद्धि ती किती लागणार? आज इंग्रजी, उद्यां गणित, परवां इतिहास, अशी ओळ लिहिली कीं झालें.

ही ओळ विद्यापीठाच्या ‘कॅलेंडर’ नांवाच्या जाड ग्रंथांतून नियम व अभ्यासक्रम यांच्या सोबतीनें छापली जाई. संगणकावरील आजच्या सूचीचें हें कॅलेंडर म्हणजे पणजोबाच होय. पुढें परीक्षार्थी वाढले आणि केंद्रें वाढलीं. मुंबई विद्यापीठाचा अंमल सिंधपासून कर्नाटकापर्यंत होता, आणि प्रश्नपत्रिका फुटूं नये म्हणून सर्वत्र तिचें पाकीट एकाच घटकेस उघडणें अवश्य झालें. तारीख दूर कोठेंतरी ठरे, व परीक्षार्थ्यानें ती पाळावयाची. जातां जातां एक गंमत सांगतों. १९०६ सालीं हिंदुस्थानासाठीं एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईनें आपली स्वतंत्र वेळ सोडली नाहीं. ती प्रमाणवेळेच्या सुमारें ३९ मिनिटें मागें असे, आणि १९५५ सालापर्यंत टिकून होती. त्या काळचें वेळापत्रक वाचतांना, ‘कोणत्या घड्याळाचे दहा?’ असा प्रश्न एखाद्या परगांवच्या परीक्षार्थ्याच्या मनांत खचितच आला असेल.

परीक्षेचा भार अंगावर कसा बसतो याची पहिली गंभीर चौकशी आपल्याकडे केली ती पहिल्या चौघांपैकींच एकानें. पदवीधर मंडळी अल्पवयांत कां मरतात, हा प्रश्न रानड्यांनीं १८९४ सालीं जाहीरपणें मांडला आणि अभ्यासाच्या व परीक्षांच्या ताणाकडे बोट दाखविलें. एकाच आठवड्यांत सर्व विषय रचण्याची रीत ही माझ्या मतें त्या ताणाचा एक भाग होती. दोन पेपरांमध्यें एक दिवस मोकळा ठेवावा कीं न ठेवावा, हा निर्णय कारकुनाच्या टेबलावर होतो; परंतु त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

तथापि खरी अडचण उत्पन्न झाली ती निवडीच्या स्वातंत्र्यामुळें. अमेरिकेंत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनीं १८६९ पासून चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस विषय निवडण्याची मुभा वाढवीत नेली. आपल्याकडे ती लाट उशिरा आली. श्रेयांकांची निवडपद्धति २०१५ च्या सुमारास विद्यापीठांतून पसरली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तिला अधिक वाव दिला. आतां थोडें गणित पाहूं. १२ विषयांतून ४ निवडावयाचे तर ४९५ प्रकारचे संच होतात. विषय ४० असून ५ निवडावयाचे झाले, तर संच होतात ६,५८,००८! संस्कृत, अर्थशास्त्र आणि छायाचित्रण एकत्र घेणारी एखादीच मुलगी असेल. परंतु त्यांतले दोन पेपर एकाच सकाळीं आले, तर ती एकटी आहे म्हणून तिची अडचण लहान होत नाहीं.

या कोड्याची उकल नकाशे रंगविण्याच्या एका जुन्या प्रश्नांतून पुढें आली. शेजारच्या दोन मुलुखांस एकच रंग येऊं न देतां कोणताहि नकाशा चार रंगांत रंगवितां येईल काय, असें फ्रान्सिस गथ्री या तरुणानें १८५२ सालीं विचारलें होतें. त्याचें होकारार्थी उत्तर सिद्ध झालें तें १९७६ सालीं, आणि तेंहि संगणकाच्या साह्यानें. त्याच्या नऊ वर्षें आधीं, १९६७ सालीं, वेल्श आणि पॉवेल या दोघांनीं दाखवून दिलें कीं वेळापत्रक हाहि रंगविण्याचाच प्रश्न आहे. प्रत्येक विषय हा एक ठिपका समजावा. ज्या दोन विषयांस एक जरी विद्यार्थी समान असेल, ते ठिपके रेघेनें जोडावे. मग जोडलेल्या ठिपक्यांस एकच रंग न देतां सर्व ठिपके रंगवावे. एक रंग म्हणजे परीक्षेची एक वेळ. ज्या ठिपक्यास रेघा अधिक, तो प्रथम रंगवावयाचा, अशी त्यांची साधी युक्ति. आमच्या आयाबाया लग्नघरांत पंगती बसवीत असत त्यांतहि हेंच तत्त्व होतें: ज्यांचें कोणाशींच पटत नाहीं, त्यांची जागा आधीं ठरवावी.

ही रंगवारी विद्यार्थ्यांनीं विषय निवडल्यानंतरच होऊं शकते, आणि सूचींत तर तारीख आधीं हवी. त्यावर अनेक विद्यापीठांनीं एक सुटसुटीत तोड काढली. परीक्षेची वेळ तासाच्या वेळेशींच बांधून टाकावयाची. सोमवारीं सकाळीं दहाच्या तासास जे जे विषय शिकविले जातात, त्या सर्वांची परीक्षा एकाच ठराविक दिवशीं. विद्यार्थी एका वेळीं दोन वर्गांत बसूं शकत नाहीं, म्हणून त्याचे दोन पेपरहि एका वेळीं येत नाहींत. कागदावर हें निर्दोष आहे. परंतु एखाद्याचे तीन पेपर लागोपाठच्या दोन दिवसांत येऊं नयेत, याची हमी त्यांत मुळींच नाहीं. आणि अनुत्तीर्ण विषय घेऊन पुन्हां बसणारा विद्यार्थी तर या हिशेबांतून निसटतोच.

२०२० सालीं महामारीनें सर्व वेळापत्रकें पुसून टाकलीं. अंतिम वर्षाच्या परीक्षा ३० सप्टेंबरपूर्वीं घ्याव्या, असें अनुदान आयोगानें सांगितलें. परीक्षा नको, असें महाराष्ट्र शासनाचें म्हणणें होतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. राज्यास तारीख पुढें ढकलण्याची विनंति करितां येईल, मात्र परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजीं झाला. परीक्षेच्या तारखेचा वाद देशाच्या श्रेष्ठ न्यायपीठापुढें जावा, ही गोष्ट १८६२ च्या त्या चौघांस चमत्कारिकच वाटली असती.

लवळ्याच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे डोंगरांच्या रांगा ताम्हिणीपर्यंत गेलेल्या दिसतात. त्या बाजूस भात हेंच मुख्य पीक. आंबेमोहोराच्या वासानें तो मुलूख ओळखला जातो. भाताची कापणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येते, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षाहि बहुधा त्याच सुमारास. शेतकऱ्याच्या घरचा जो मुलगा पौडाकडून रोज महाविद्यालयांत येतो, त्यास रात्रीं पुस्तक आणि पहाटे विळा अशी कसरत त्या दिवसांत करावी लागते. सूचींत सुट्ट्यांचे रकाने आहेत, सणांचे आहेत. कापणीचा रकाना अजून कोणी घातलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. संगणकास ती एक ओळ वाढविणें जड जाणार नाहीं. ती सांगणारा कोणी तरी समितींत बसलेला मात्र हवा.