अल्पकालीन मिशन यात्रा आणि हैतीतील बालगृहे

ख्रिस्ती मंडळीतील स्वयंसेवकांनी आठ-दहा दिवसांसाठी परदेशी जाऊन तेथील बालगृहात मुलांना सांभाळणे, शिकवणे, रंगकाम-बांधकामाला हातभार लावणे आणि त्यासोबत सुवार्ता सांगणे, ही विशेषतः अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये रूढ झालेली प्रथा. केनिया, युगांडा, ग्वाटेमाला, कंबोडिया, नेपाळ आणि भारत या देशांतही ती दिसते. मात्र तिचे बरेवाईट परिणाम हैतीत जितके उघडपणे दिसले, तितके फार थोड्या ठिकाणी दिसले असतील. हैती मायामीपासून विमानाने सुमारे दोन तासांवर आहे. देश अतिशय गरीब, बहुतेक शाळा खाजगी आणि फी घेणाऱ्या, आणि सरकारी देखरेख दुबळी. त्यामुळे परक्या माणसाला तिथे बालगृह काढणेही सोपे होते आणि पाहुणा म्हणून जाणेही.

या प्रथेमागची श्रद्धा जुनी आणि खरी आहे. अनाथांची व विधवांची त्यांच्या संकटात काळजी घेणे हा निर्मळ धर्माचरणाचा भाग असल्याचे नव्या करारातील याकोबाचे पत्र सांगते (१:२७), आणि अनाथसेवेच्या प्रत्येक आवाहनात या वचनाचा आधार घेतला जातो. ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ मध्ये भाड्याच्या घरात अनाथाश्रम सुरू केला. पुढे त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुले त्यांच्या आश्रमांतून वाढली. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. तेथेही परदेशी मदतनीस येत. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मेथडिस्ट सेविका १८९८ मध्ये रमाबाईंच्या कामात सामील झाली ती अनेक वर्षांसाठी. शिवाय संस्थेची सूत्रे याच मातीतल्या बाईच्या हाती होती. छापखाना, विणकाम, शेती असे उद्योग मुलींच्या हाती देऊन तिने त्यांना उभे केले. आजच्या आठवडाभराच्या यात्रेचे मूळ म्हणून अशी उदाहरणे सांगितली जातात, पण त्या कामात राहणे हीच मुख्य गोष्ट होती आणि यात्रेत नेमकी तीच नसते.

अल्पकालीन यात्रांची लाट दुसऱ्या महायुद्धानंतर, जेट विमान आणि कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीच्या जोरावर आली. जॉर्ज वरवर १९५७ मध्ये दोन मित्रांसह मेक्सिकोला गेले आणि त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ वाढले. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट वुथनो या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख मंडळी-सदस्य अशा यात्रांना परदेशी जात असल्याचा अंदाज मांडला. आक्षेपही तितकाच जुना आहे. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोरच भाषण करून त्यांना बजावले की पाहायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका.

हैतीतील यात्रेचा आठवडा साधारण ठरलेला असे. वर्षभर आधी मंडळीत घोषणा होई. तरुण मुले गाड्या धुऊन, केक विकून, नातलगांना पत्रे लिहून पैसे जमवत. माणशी हजार-दीड हजार डॉलरच्या पुढे खर्च येई. एकसारखे टी-शर्ट घातलेला गट पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर उतरे, बंद गाडीतून बालगृहात जाई. सकाळी भक्ती, मग मुलांसाठी व्हीबीएस, म्हणजे बायबलमधल्या गोष्टी, गाणी, हस्तकला. दुपारी भिंतीला रंग किंवा विटा वाहणे. संध्याकाळी फुटबॉल, आणि रात्री गटाने बसून दिवसाबद्दल साक्ष देणे. भाषा क्रेयोल, स्वयंसेवकांना ती बहुधा येत नसे, म्हणून एखादा मोठा मुलगा दुभाषा होई. शेवटच्या दिवशी निरोपाची प्रार्थना आणि अश्रू. हे अश्रू खरे असत. या लोकांना खोटे ठरवून प्रश्न समजत नाही: त्यांच्यातले अनेक जण आपली वर्षाची सुट्टी आणि साठवलेला पैसा अनोळखी मुलांसाठी खर्च करत होते.

पण ज्या मुलांसाठी ते येत, त्यांतली बहुतेक अनाथ नव्हती. लुमोस या संस्थेच्या पाहणीनुसार हैतीत सुमारे ७५० बालगृहांत ३० हजारांच्या आसपास मुले राहत होती आणि त्यांपैकी ८० टक्क्यांच्या घरात मुलांचे आई-वडिलांपैकी किमान एक जण जिवंत होते. आई मूल सोडून का देते, याचे उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या फीत आणि दोन वेळच्या जेवणात सापडते. बालगृहात मूल शिकेल, गोऱ्या पाहुण्यांच्या ओळखीने पुढे जाईल, या आशेने गावातली बाई आपले लेकरू हवाली करते. दुसरा पर्याय अनेकदा आणखी वाईट असतो: शहरातल्या एखाद्या घरी मुलाला ‘रेस्तावेक’ म्हणून, म्हणजे बिनपगारी घरगडी म्हणून, ठेवणे. बालगृह चालवणाऱ्यालाही ठाऊक असते की पाहुणे येतात आणि देणग्या मिळतात त्या मुलांच्या संख्येवर. मग मागणी पुरवठा निर्माण करते. काही ठिकाणी दलाल गावोगाव फिरून मुले गोळा करत, आणि पाहुण्यांना दया यावी म्हणून मुलांना मुद्दाम हालात ठेवल्याची उदाहरणेही नोंदली गेली. स्वयंसेवकाचे प्रेमच नकळत मुलाला आईपासून तोडणारी ओढ बनते, ही या साऱ्या प्रथेतली सर्वांत दुखरी गोष्ट आहे, आणि मंडळ्यांनी ती सर्वांत उशिरा ऐकून घेतली.

बालगृहात पाऊल टाकताच अनोळखी मुले धावत येऊन मांडीवर चढतात, गळ्यात पडतात, हात सोडत नाहीत. परतलेल्या स्वयंसेवकांच्या साक्षीत हा क्षण हमखास असतो आणि मुलांच्या निष्पाप प्रेमाची खूण म्हणून तो सांगितला जातो. बालमानसशास्त्र तिथे वेगळे काही पाहते. आईच्या कुशीत वाढणारे दोन-तीन वर्षांचे मूल परक्याला पाहून आधी लाजते, आईमागे लपते; कुणाच्याही मांडीवर सहज चढणे हे अनेकदा एकाही माणसाशी घट्ट नाते न जुळल्याचे लक्षण असते. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथालयांतील १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले, उरलेल्यांची नेहमीची संस्थात्मक व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि भावनिक जडणघडण सरस ठरली. वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी गेलेल्यांत फरक विशेष ठळक होता. याचा अर्थ असा की लहान मुलाला रोज तेच माणूस लागते. दर शनिवारी नवा गट आला, त्याने जीव लावला आणि पुढच्या शनिवारी तो निघून गेला, तर मुलाच्या वाट्याला वर्षभरात कित्येक ताटातुटी येतात. ज्या दयेने स्वयंसेवक घर सोडून येतो, त्या दयेचा हा हिशेब त्याला कुणी आधी सांगत नाही.

१२ जानेवारी २०१० च्या ७.० तीव्रतेच्या भूकंपानंतर हैतीकडे मदतीचा ओघ लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील, मुख्यतः आयडाहो राज्यातील, दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना डोमिनिकन सीमेवर अटक झाली. त्यांच्या बसमध्ये कागदपत्रांविना ३३ मुले होती. मुलांना शेजारच्या देशात काढलेल्या नव्या बालगृहात नेण्याचा त्यांचा बेत होता. चौकशीत आढळले की बहुतेक मुलांचे पालक हयात होते. चांगल्या शिक्षणाच्या आश्वासनावर त्यांनी मुले स्वखुशीने दिली होती. गटाच्या प्रमुख महिलेला पुढे बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल शिक्षा झाली. त्याच वर्षी, कॅप-आयशियन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी संस्था चालवणाऱ्या एका अमेरिकी माणसाला, मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल अमेरिकेतील न्यायालयाने १९ वर्षांहून अधिक तुरुंगवास ठोठावला. फेब्रुवारी २०२० मध्ये राजधानीलगतच्या केन्स्कॉफ भागात ‘चर्च ऑफ बायबल अंडरस्टँडिंग’ या अमेरिकी संस्थेच्या बालगृहाला रात्री आग लागली. जनरेटर बंद असल्याने मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या आगीत १५ मुले गेली. बालगृहाला सरकारी परवाना नव्हता.

पैशाचा प्रश्नही मूलभूत आहे. लुमोसच्या २०१७ मधील अहवालाप्रमाणे हैतीतील केवळ एक-तृतीयांश बालगृहांना वर्षाला किमान ७ कोटी डॉलर परदेशी देणगी मिळत होती. ही रक्कम मुलांच्या घरांपर्यंत गेली असती तर किती आयांना आपली मुले जवळ ठेवता आली असती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर मिशन गटांनी बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केला: प्रवासखर्च धरून एका घराला सुमारे ३० हजार डॉलर पडले, स्थानिक संस्था तसेच घर २ हजारांत उभे करत होत्या. आणि यात्रेमुळे स्वयंसेवकाचे आयुष्य बदलते, तो पुढे अधिक दान देतो, या समजालाही त्याला फारसा आधार सापडला नाही.

टीका बाहेरूनच झाली असे नव्हे. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन इव्हँजेलिकल ख्रिस्ती अभ्यासकांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ (२००९) हे पुस्तक मंडळ्यामंडळ्यांत वाचले गेले. त्यानंतर अनेक मिशन संस्थांनी बालगृहे हळूहळू बंद करून मुलांना घरी पाठवण्याचा आणि कुटुंबाला आधार देण्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथालयांसाठी होणारा मुलांचा व्यापार हा आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नाचा भाग मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालय-पर्यटन व त्यातली स्वयंसेवा यांमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. कंबोडियात ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ने २०११ मध्ये मुले म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे अशी मोहीम चालवली, ती पुढे इतर देशांतही गाजली.

भारतातील व्यवस्था या दिशेने आधीच वळली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, मूल दाखल करण्याचा निर्णय बाल कल्याण समिती घेते, आणि मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ ने मनाई आहे. म्हणजे परदेशी पाहुण्याने बालगृहातल्या मुलाचा चेहरा दाखवणारा फोटो समाजमाध्यमावर टाकणे महाराष्ट्रात कायद्याचा भंग ठरू शकते. राज्याची बालसंगोपन योजना तर मूल कुटुंबातच राहावे म्हणून पैसे देते. अंमलबजावणीत उणिवा आहेत, तरी रोख योग्य आहे.

स्वयंसेवकाने मुळीच जाऊ नये, असे याचे तात्पर्य काढले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुलांच्या थेट सांभाळाचे काम परक्याचे नाहीच. पण नर्स स्थानिक परिचारिकांना शिकवू शकते, हिशेबनीस संस्थेचे हिशेब चोख लावू शकतो, वीजतंत्रज्ञ जनरेटर दुरुस्त करू शकतो, आणि मग ती रात्र मेणबत्त्यांवर काढावी लागत नाही. जाण्याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत: संस्थेला सरकारी परवाना आहे का, किती मुलांचे पालक हयात आहेत, त्यांना घरी पाठवण्यासाठी संस्था काय करते, आणि येणाऱ्या पाहुण्यांची पोलीस पडताळणी होते का. ज्या संस्थेला हे प्रश्न खुपतात, तिथे जाऊ नये.

हैतीतील यात्रा मात्र गेल्या काही वर्षांत वेगळ्याच कारणाने थांबल्या. १६ ऑक्टोबर २०२१ रोजी ओहायोस्थित ‘ख्रिश्चन एड मिनिस्ट्रीज’चे १७ जण, त्यांत आठ महिन्यांच्या बाळासह पाच मुले, एका बालगृहाला भेट देऊन परतताना ‘४०० मावोझो’ या टोळीने पळवून नेले; शेवटचे १२ जण डिसेंबरच्या मध्यात सुटले. २०२४ मध्ये टोळीयुद्धामुळे पोर्ट-ओ-प्रिन्सचा विमानतळ दोनदा बंद पडला. टोळ्यांमधील सशस्त्रांत ३० ते ५० टक्के अल्पवयीन असल्याचा युनिसेफचा अंदाज आहे. परदेशी गट येईनासे झाल्यावर बालगृहांचा सांभाळ हैतीच्याच कर्मचाऱ्यांवर, स्वयंपाकिणींवर आणि पाळकांवर आला. गट असताना रोजचे कामही तेच करत होते, आणि त्यांची नावे मात्र यात्रेच्या अहवालात क्वचितच येत. देशाची बालकल्याण संस्था ‘आयबीईएसआर’ पालक-कुटुंबांची नोंद ठेवण्याचे आणि मुलांना त्यांच्या घरी परतवण्याचे काम तुटपुंज्या साधनांनिशी करत आहे.